कित्ता

मेन सापडेना.

कुठलाही अनोळखी प्रोग्रॅम हातात आला की आधी मेन, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती जागा, शोधायचं, तिथून धागा धरायचा आणि ओळीमागून ओळ खाली उतरत जायचं, ही माझी वाचण्याची जुनी रीत. अँड्रॉइडचं पहिलं सॅम्पल, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी दिलेला नमुना प्रोग्रॅम, उघडलं तेव्हाही तेच करायला गेले. सगळे फोल्डर उघडून पाहिले. मॅनिफेस्ट नावाची एक एक्सएमएल फाइल होती. आर नावाची एक फाइल होती, ती आपोआप तयार झालेली आहे, तिला हात लावू नका, असं तिच्या माथ्यावरच लिहिलेलं. आणि एक क्लास होता, त्यात ऑनक्रिएट नावाची एकुलती एक मेथड, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. तिला कोण बोलावतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरी रन केलं की स्क्रीनवर अक्षरं उमटत होती.

दोन दिवस मी त्या ‘कोण’चा शोध घेत होते. मग तीच मेथड स्वतः टाइप करून पाहायचं ठरवलं आणि टाइप करताना ऑनक्रिएटमधला मोठा सी छोटा झाला. जावाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिच्या लेखी ती एक नवीन, वेगळ्या नावाची मेथड होती. कम्पाइल झालं, अ‍ॅप उघडलं, स्क्रीन कोरी. एरर नाही, क्रॅश नाही. मी लिहिलेल्या मेथडला कुणी बोलावलंच नव्हतं. सॅम्पलमध्ये त्या मेथडच्या डोक्यावर ओव्हरराइड असा शब्द होता. शोभेचा असेल म्हणून मी तो गाळला होता. तो ठेवला असता तर कम्पायलरने तिथल्या तिथे सांगितलं असतं, की बाई, वरच्या क्लासमध्ये या नावाचं काही नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय, याच्या व्याख्या मी आधी वाचल्या होत्या. त्या कोऱ्या स्क्रीनने ते खरं समजावलं. इथे आपण कुणाला बोलवायचं नसतं. ठरलेल्या नावांनी दारं उघडून बसायचं, आणि सिस्टिम आपल्या वेळेला, आपल्या क्रमाने एकेका दारातून आत येते. आपण लिहितो ती फक्त दारं. येण्याजाण्याचा क्रम दुसऱ्याच्या हातात असतो आणि तो क्रम सॅम्पलमध्ये लिहिलेला नसतो. तो ओळींच्या मधल्या जागेत असतो.

सॅम्पल प्रोग्रॅमसाठी मला कित्ता हाच शब्द बरोबर वाटतो. अक्षर वळणदार व्हावं म्हणून समोर एक उत्तम नमुना ठेवायचा आणि त्यावरून हात फिरवत राहायचं. सुरुवातीला मीही तसंच केलं. सॅम्पलमधली ओळ उचलायची, माझ्या अ‍ॅपमध्ये ठेवायची, चालली की पुढे जायचं. असं करत माझं पहिलं अ‍ॅप उभं राहिलं: रोजच्या नोंदी लिहायची एक साधी जागा. मोठ्या उत्साहाने एकाच्या हातात दिलं. त्याने चांगल्या चार-पाच ओळी लिहिल्या, मग लिहायला सोयीचं म्हणून फोन आडवा केला. स्क्रीन क्षणभर लुकलुकली आणि सगळा मजकूर गेला. तो म्हणाला, “मी काही दाबलं का?” त्याने काहीच दाबलं नव्हतं. त्याने फोन फक्त फिरवला होता.

घरी येऊन मी पुन्हा सॅम्पल उघडलं. या वेळी उचलायला नाही, विचारायला.

नोटपॅड नावाचं ते सॅम्पल अँड्रॉइडची अ‍ॅप्स बनवण्याच्या साधनसंचाबरोबर, एसडीकेबरोबरच, यायचं. त्यातल्या काही फाइल्सच्या माथ्यावर २००७ साल आहे. एसडीकेचं पहिलं रूप नोव्हेंबर २००७ मध्ये लोकांसमोर आलं आणि अँड्रॉइडचा पहिला फोन दुकानात यायला ऑक्टोबर २००८ उजाडला. म्हणजे बाजारात एकही फोन नसताना, तो फोन वापरणाऱ्या माणसाच्या सवयींचा विचार करून कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं. अपाचे परवान्याच्या त्या साचेबंद परिच्छेदाखाली ज्या कोणाचा हात आहे, त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

त्या सॅम्पलमध्ये लाइन्ड-एडिट-टेक्स्ट नावाचा एक छोटा क्लास आहे. त्याचं काम एकच. लिहायच्या चौकटीत, वहीत असतात तशा, अक्षरांखाली रेघा आखायच्या. कित्त्यालाच रेघा, हे पाहून मला फार बरं वाटलं होतं. त्यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या असतील आणि त्यातली एकही वाया गेली असं मला वाटत नाही.

तो पूर्ण क्लास एका स्क्रीनवर मावतो. वर एक आयत आणि एक पेंट. पेंटचा रंग निळा, पण निम्मा पारदर्शक: रंगाच्या षोडशमान (हेक्स) आकड्याचे पहिले दोन अंक ८०, म्हणजे २५५ पैकी १२८. खाली ऑनड्रॉ, म्हणजे स्क्रीनवर रंगवायची वेळ आली की बोलावली जाणारी मेथड. मजकुराच्या जितक्या ओळी असतील तितक्या वेळा लूप फिरतो, प्रत्येक ओळीची बेसलाइन, म्हणजे अक्षरं जिच्यावर उभी असतात ती रेषा, विचारतो, तिच्या एक पिक्सेल खाली डावीकडून उजवीकडे रेघ मारतो. शेवटी सुपरचं, म्हणजे वरच्या मूळ क्लासचं, ऑनड्रॉ.

मी विचारलं, सुपर शेवटी का? ती ओळ उचलून लूपच्या वर ठेवली. रेघा अक्षरांच्या वरून जाऊ लागल्या. जोडाक्षरांचे पाय निळ्या रेघेने कापले गेले. मग ती ओळ काढूनच टाकली. रेघ राहिली आणि अक्षरं नाहीशी झाली. मजकूर होता, मी टाइप करत होते तसतशा नव्या रेघा वाढत होत्या, पण दिसत काही नव्हतं. तेव्हा कळलं की अक्षरं काढण्याचं काम सुपर करतो आणि आपण त्याच्याआधी नुसता कागद आखून देतो. आधी रेघा, मग अक्षरं. हाताने लिहिणारा माणूस जे करतो तेच, त्याच क्रमाने.

मग विचारलं, आयत आणि पेंट वर का तयार केलेत? लागतात तर ऑनड्रॉमध्येच, तिथल्या तिथे करावेत की. करून पाहिलं. दिसायला काही फरक नाही. उत्तर मिळायला बरेच दिवस लागले. कर्सर लुकलुकतो, मजकूर सरकतो, दर वेळी ऑनड्रॉला बोलावणं येतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्यात दर वेळी नव्या वस्तू निर्माण करायच्या म्हणजे थोड्या वेळाने कचरा गोळा करायला कुणीतरी येणार आणि नेमक्या त्या क्षणी स्क्रीन अडखळणार. त्या काळातल्या फोनवर ते अडखळणं डोळ्याला दिसायचं.

कन्स्ट्रक्टरला, म्हणजे वस्तू घडवणाऱ्या मेथडला, दोन पॅरामीटर आहेत आणि वर एका ओळीची कॉमेंट: लेआउट-इन्फ्लेटरसाठी हा लागतो. मी तो काढला, माझ्या सोयीचा एका पॅरामीटरचा ठेवला. अ‍ॅप उघडताक्षणी क्रॅश. एक्सएमएलमध्ये आपण ज्या व्ह्यूचं, म्हणजे स्क्रीनवरच्या घटकाचं, नुसतं नाव लिहितो तो प्रत्यक्षात घडवणारा दुसराच कोणी आहे आणि तो याच दारावर येऊन उभा राहतो. पुन्हा तेच, बोलावणारा दुसरा.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. लूप फक्त मजकुराच्या ओळींपुरताच फिरतो, त्यामुळे नवीन कोऱ्या टिपणात एकच रेघ दिसायची. वही अशी नसते. वहीचं पान आधीपासून शेवटपर्यंत आखलेलं असतं. मी लूपचा आकडा वाढवला तर नसलेल्या ओळीची बेसलाइन विचारल्याबद्दल क्रॅश. मग शेवटच्या खऱ्या ओळीची बेसलाइन घेतली, तिच्यात ओळीची उंची मिळवत मिळवत व्ह्यूच्या तळापर्यंत गेले. जेमतेम पाच ओळींचा बदल. पान भरून रेघा दिसल्या त्या रात्री मी त्यावर काही लिहिलंही नाही, नुसती बघत बसले. अँड्रॉइडमध्ये कुणाची न उचललेली, माझी स्वतःची अशी ती पहिली गोष्ट.

पण मी आले होते ते हरवलेल्या मजकुरासाठी. त्याचं उत्तर त्याच फाइलमध्ये, स्क्रीन बाजूला पडताना सिस्टिम बोलावते त्या ऑनपॉजमध्ये होतं.

नोटपॅडचा एडिटर नवीन टिपण उघडताना आधी डेटाबेसमध्ये एक रिकामी नोंद घालतो आणि मग तिच्यात मजकूर भरत राहतो. सेव्हचं बटण दाबेपर्यंत वाट पाहत नाही. ऑनपॉजचं बोलावणं आलं की जे असेल ते लिहून टाकतो. फोन आला, कुणी होम दाबलं, स्क्रीन बंद झाली, कारण काहीही असो. माझं अ‍ॅप सेव्ह बटणाची वाट बघत होतं, सॅम्पल कशाचीच वाट बघत नव्हतं. त्याने धरूनच चाललं होतं की पुढचा क्षण आपला नाही.

पण मग काहीच न लिहिता मागे फिरलं तर ती रिकामी नोंद तशीच राहील. त्यासाठी तिथे एक अट आहे: मजकूर रिकामा असेल आणि इझ-फिनिशिंग खरं असेल, तर नोंद पुसून टाका. यातला दुसरा भाग मला फालतू वाटला. रिकामं आहे ना, मग पुसा. म्हणून तो काढला. नवीन टिपण उघडलं, काही लिहिण्याआधी होम दाबलं, थोड्या वेळाने परत आले. माझं टिपण नव्हतं. मी क्षणभर बाजूला गेले होते आणि तेवढ्यात प्रोग्रॅमने माझ्या पाठीमागे पान फाडून टाकलं होतं. इझ-फिनिशिंग हा तेवढाच एक प्रश्न विचारतो: हा माणूस कायमचा निघालाय की नुसता उठून बाजूला गेलाय?

हे कळल्यावर मी खुर्चीत मागे टेकून बसले, ते अजून आठवतं. इतक्या छोट्या अटीत माणसाची इतकी काळजी घेतलेली मी आधी कुठल्या कोडमध्ये पाहिली नव्हती. किंवा असेलही, पण मी ती मोडून पाहिली नव्हती, म्हणून दिसली नव्हती.

त्यानंतर मी एक रिकामं अ‍ॅप बनवलं. लाइफसायकलच्या, म्हणजे स्क्रीन उभी राहण्यापासून मोडेपर्यंत सिस्टिम बोलावते त्या, प्रत्येक मेथडमध्ये लॉगची एकेक ओळ घातली आणि त्या ओळी दाखवणारी लॉगकॅटची खिडकी उघडून फोनशी खेळत बसले. उघडलं: क्रिएट, स्टार्ट, रिझ्यूम. होम दाबलं: पॉज, स्टॉप. परत आले: रिस्टार्ट, स्टार्ट, रिझ्यूम. फोन आडवा केला: पॉज, स्टॉप, डिस्ट्रॉय, आणि पाठोपाठ क्रिएट, स्टार्ट, रिझ्यूम. डिस्ट्रॉय हा शब्द त्या यादीत पाहिला तेव्हा चर्र झालं. फोन फिरवला की आधीची स्क्रीन वळत नाही, ती मोडून टाकली जाते आणि नवी उभारली जाते. कारणही सरळ आहे. आडव्या स्क्रीनसाठी वेगळा लेआउट असू शकतो, वेगळ्या भाषेसाठी वेगळे शब्द असू शकतात, म्हणून सिस्टिम सगळं नव्याने मांडते. जुन्या स्क्रीनच्या हातात जे होतं ते तिने जाता जाता एका बंडलमध्ये बांधून ठेवलं असेल तर नव्या स्क्रीनला मिळतं. नाही बांधलं तर नाही. मी नव्हतं बांधलं.

पहिल्या अँड्रॉइड फोनला सरकता कीबोर्ड होता आणि सुरुवातीला स्क्रीनवरचा कीबोर्डच नव्हता. तो २००९ मधल्या १.५ आवृत्तीत आला. त्याआधी लिहायचं तर स्क्रीन वर सरकवून कीबोर्ड उघडायचा आणि तो उघडला की स्क्रीन आडवी व्हायची. म्हणजे एक शब्द लिहायचा तरी मोडून उभारण्याचं हे चक्र आलंच. ज्यांनी ती सॅम्पल्स लिहिली त्यांच्यासाठी ही कोपऱ्यातली अडचण नव्हती, अगदी उंबरठ्यावरची होती. मला वाटतं, म्हणूनच नोटपॅडच्या साध्याशा कोडमध्ये इतका पुढचा विचार भरलेला आहे.

एपीआय डेमोज नावाच्या थोरल्या सॅम्पलबद्दलही सांगायला हवं. ते उघडलं की विषयांची लांबलचक यादी येते, एकेका विषयात शिरलं की पोटयादी. ही यादी कुठल्या फाइलमध्ये लिहून ठेवली आहे ते मी शोधत होते. कुठेच नाही. प्रोग्रॅम सिस्टिमला विचारतो, सॅम्पल कोड या गटात आपलं नाव नोंदवलेले कोणकोण आहेत? जे हजर होतात त्यांच्या लेबलांमध्ये तिरप्या रेघा असतात, त्या रेघांवर लेबल तोडून यादी आणि पोटयादी बनते. मी माझा एक क्लास लिहिला, मॅनिफेस्टमध्ये त्याची नोंद त्याच गटात केली, यादीच्या कोडला स्पर्शही केला नाही. अ‍ॅप उघडलं तर यादीत माझं नाव. सिस्टिमला असं विचारायचं साधन म्हणजे इंटेंट; त्यावर मी वाचलेली पानंच्या पानं त्या एका नावापुढे फिकी होती.

सगळंच काही असं गोडीगुलाबीत झालं नाही. एका छोट्या खेळासाठी मी थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, वापरला. स्क्रीन ज्या थ्रेडवर चालते त्याला ५ सेकंद अडवून धरलं आणि स्पर्शाला उत्तर मिळालं नाही, की ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते, हे मला ठाऊक होतं. म्हणून हालचालींचा सगळा हिशोब वेगळ्या थ्रेडवर. तो मी कन्स्ट्रक्टरमध्ये तयार केला आणि सरफेस, म्हणजे खेळ रंगवायची जागा, तयार झाला की सुरू केला. छान चालला. दाखवायला गेले, मध्येच फोन आला, बोलून परत आले, क्रॅश. जावाचा थ्रेड आयुष्यात एकदाच सुरू होतो. संपलेल्याला पुन्हा सुरू हो म्हणता येत नाही. सरफेस मात्र जातो आणि पुन्हा येतो. दोघांची आयुष्यं वेगवेगळ्या लांबीची, आणि मी दोघांची गाठ एकदाच मारून मोकळी झाले होते. आता मी कुठलाही कोड वाचताना ही वस्तू किती काळ जगते हे आधी पाहते, ती काय करते हे नंतर.

कित्ते जुने होतात. मागच्या बाजूला काम करून घेणाऱ्या ज्या असिंक-टास्कवर मी कितीतरी कामं उभी केली, तो २०२० मध्ये अँड्रॉइड ११ पासून वापरू नये अशा यादीत गेला. २०१७ मध्ये अँड्रॉइडने कोटलिन ही भाषा अधिकृतपणे स्वीकारली, २०२१ मध्ये स्क्रीन कोडमध्येच लिहू देणाऱ्या जेटपॅक कम्पोजची १.० आवृत्ती आली आणि एक्सएमएलमध्ये लेआउट लिहिण्याची रीतच मागे पडत गेली. जुनी सॅम्पल्स आज उघडली तर निम्म्या ओळींवर ‘आता वापरू नका’ अशा अर्थाची आडवी रेघ दिसते. मला त्याचं वाईट वाटतं, हे मी लपवणार नाही. पण त्याहून जास्त वाईट वेगळ्या गोष्टीचं वाटतं. आजची गाजलेली सॅम्पल्स पूर्ण अ‍ॅपच असतात, अनेक मॉड्यूल्समध्ये विभागलेली, टेस्टसकट. त्यांच्यामागची मेहनत मोठी आहे आणि कामात मुरलेल्याला त्यातून खूप मिळतं. नवख्याला मात्र एका संध्याकाळी एक ओळ काढून काय कोसळतं ते पाहायला एका स्क्रीनवर मावणारा क्लास हवा असतो. म्हणून कुणी विचारलं तर मी आजही सांगते, सगळ्यात छोटं सॅम्पल घे, ते हाताने टाइप कर, कॉपी करू नकोस.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीला मी तेच सांगितलं. तिने कम्पोजमधला आकडे मोजणारा छोटा प्रोग्रॅम टाइप केला. बटण दाबलं की आकडा वाढतो. तो आकडा रिमेंबर-सेव्हेबलमध्ये ठेवलेला होता. मी म्हटलं, त्यातलं सेव्हेबल काढ, सातपर्यंत मोज आणि फोन आडवा कर. तिने केला. शून्य. ती काही बोलली नाही, फोन उभा केला, पुन्हा मोजायला लागली, पुन्हा आडवा केला. पुन्हा शून्य. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिटी जपून ठेवू नका’ असं एक सेटिंग असतं, तेही मी तिला दाखवलं. ते चालू केलं की बाजूला सरताक्षणी सिस्टिम स्क्रीन मोडते. त्या सेटिंगखाली जे टिकतं ते बहुतेक कुठेही टिकतं.

मग तिने माझ्या जुन्या नोंदींच्या अ‍ॅपचा कोड मागितला. तो मी अजून ठेवलाय, पानभर रेघा आखणाऱ्या त्या क्लाससकट. ती वाचता वाचता थांबली आणि मजकूर बदलला की चालणाऱ्या मेथडमधल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “इथे इनव्हॅलिडेट का आहे?”

इनव्हॅलिडेट म्हणजे पुन्हा रंगव असा निरोप. तो तिथे का, हे मला सांगता येईना. बहुधा कधीतरी रेघा लगेच उमटत नव्हत्या म्हणून घातलं असेल, किंवा कुठल्या तरी सॅम्पलमधून उचललं असेल. आम्ही ती ओळ काढली. ती टाइप करू लागली: एक ओळ, दहा ओळी, पान भरून. मग मजकूर पुसला, फोन आडवा केला, होम दाबलं, ते सेटिंग चालू करून पुन्हा होम दाबलं. काही बिघडलं नाही. रेघा जिथल्या तिथे होत्या. मजकूर बदलला की एडिट-टेक्स्ट स्वतःच स्वतःला पुन्हा रंगवून घेतो, हे तिने पंधरा मिनिटांत सोर्समध्ये शोधून काढलं.

ती ओळ आम्ही परत घातली नाही.